या चुका टाळा: गणपती, गरबा, इंटर्नल परीक्षा आणि 'वेळच मिळत नाही'

बडोद्याच्या दांडिया बाजारात आमच्या घरी संध्याकाळी कॉलेजची चार मुलं अकाउंट्स शिकायला येतात. सकाळी कॉलेज, दुपारी कुणी मामाच्या दुकानावर, कुणी मकरपुऱ्याला कारखान्यात, आणि भाद्रपद लागला की सगळे मंडळाच्या मांडवात. 'काका, वेळच मिळत नाही' हे त्यांचं पालुपद. वेळ कमी असतो हे खरंच. पण आहे तो कुठे जातो, ते त्यांची पुस्तकं उघडली की दिसतं.

पानंच्या पानं मार्करनं पिवळी केलेली. दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचलं, 'आता येतं'. पुस्तक मिटवून मी विचारतो, प्रोव्हिजन आणि रिझर्व्ह यांत फरक काय? नजर छताकडे.

रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये हेच तपासलं होतं. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते: 81 टक्के, लिहिणारे 75. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांच्या लक्षात 42 टक्केच उरलं, लिहिणाऱ्यांच्या 56. आपली फसगत त्या पहिल्या पाच मिनिटांतच होते.

म्हणून एक मुद्दा वाचा, पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर उतरवा, मग ताडून पाहा. मार्कर वापरायचाच तर जे राहून गेलं त्यावर फिरवा. काहीच आठवत नसेल तर घास मोठा घेतलाय; धड्याऐवजी एक परिच्छेद घ्या. तरीही कागद कोराच राहिला तर ते समजलेलंच नाही. मग घोकू नका, कुणाला तरी विचारा.

दुसरी चूक वेळापत्रकाची. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी पहाटे चार ते रात्री अकरापर्यंतच्या चौकटी आखल्या होत्या, पट्टीनं. दोन दिवस टिकलं, आणि एका पेपरला एटीकेटी लागली. ज्याला ना नातेवाईक ना सणवार, अशा माणसाचं ते वेळापत्रक होतं! त्यापेक्षा भिंतीवरचं कॅलेंडर काढून आधी सण खोडा. गणपतीचे दहा दिवस, नवरात्राच्या नऊ रात्री. दरवर्षी या दोन्हींच्या मध्ये येतो पितृपक्ष: ना लग्न, ना खरेदी, ना मांडव. आजीच्या हिशेबी अशुभ, पण अभ्यासाला याहून चांगला मुहूर्त मी तरी पाहिला नाही. जड धडे तिथे घाला. नवरात्रात दुपारी अर्धा तास जुन्याची उजळणी पुरे. गरबा सोडा, असं मी म्हणणार नाही. बडोद्यात तसं सांगणाऱ्याचं ऐकलंय कुणी?

मात्र गरब्याहून दीड वाजता आल्यावर 'आता दोन तास वाचतो' हे नको. वाचलेलं पक्कं होतं ते झोपेत, आणि तीच तुम्ही कापताय.

मोबाइलचं काय सांगायचं! बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून राज्यभर वाचनालयांची चळवळ उभी केली. आमची मुलं वाचनालयात आधी चार्जिंगचा पॉइंट शोधतात. फोन दप्तरात, दप्तर लांब. आणि चौघांनी मिळून जाऊ नका, अर्ध्या तासात सगळे सेव-उसळीच्या गाडीवर असता.

परीक्षेची तारीख लागली की त्याच दिवशी मामांना, मंडळाच्या खजिनदाराला सांगून टाका. तीन आठवडे आधी सांगितलं तर सोय होते. आदल्या रात्री सांगितलं तर तो बहाणा वाटतो.

चौघांतली एक जण दुकानावर बसते. जुन्या बिलबुकांच्या उरलेल्या कोऱ्या पानांवर ती एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर लिहिते आणि गिऱ्हाईक नसलं की एकेक काढते. परवा तिनं त्यातलं एक पान माझ्यासमोर धरलं. उत्तर सांगायला मला पान उलटावं लागलं.