गावची बंद पडलेली भाटी आणि तावेर्न: सामान आणि आठवणी कशा जपायच्या

गोव्यात काजूची भाटी (दारू गाळायची जागा) किंवा गावातली तावेर्न (दारूचा गुत्ता) बंद पडली की सामान माळ्यावर जातं, तिथून भंगारात. तांब्याला भाव असतो, म्हणून पहिल्यांदा भाण, म्हणजे रस उकळायचं तांब्याचं भांडं, विकलं जातं. त्यामुळे संग्रहाची सुरुवात भाणापासूनच करा, आणि ते हातात आल्या आल्या घासायला घेऊ नका.

बुडाची काजळी आणि तोंडाभोवतीची सुकलेली माती हाच खरा ऐवज आहे. वाफ निसटू नये म्हणून सांधा रोयणीच्या, म्हणजे वारुळाच्या, मातीने लिंपत. चिंच किंवा पितांबरी लावली की भाण चकाकतं, पण ते कसं वापरलं हे सांगणारी खूण कायमची जाते. आधी शेजारी मोजपट्टी ठेवून चारही बाजूंनी फोटो काढा. तोंडाचा व्यास, पोटाचा घेर आणि उंची लिहून ठेवा, मगच मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडा. हिरवा थर घट्ट आणि गुळगुळीत असेल तर तो राहू द्या. फिकट हिरवी भुकटी बोटाला लागत असेल आणि पुसल्यावर पुन्हा येत असेल, तर क्षार आणि दमट हवा मिळून तांबं खात आहेत. असं भाण कोरड्या जागी ठेवा आणि धातूच्या जतनाचं काम जाणणाऱ्याला दाखवा.

धार ज्यात उतरते ते मातीचं मडकं धुऊ नका. मातीत मुरलेले क्षार पाण्यात विरघळतात, सुकताना पृष्ठभागाशी येऊन स्फटिक धरतात आणि पापुद्रे सुटतात. किती मावतं हे पाहायचं असेल तर मापून कोरडे तांदूळ भरा. बोंडू (काजूची फळं) तुडवायची दगडी कोळंबी, म्हणजे खोलगट कुंड, मात्र जागेवरून हलवू नका, तिचं मोजमाप तिथेच घ्या.

माडाची सूर (माडी) काढणाऱ्या रेंदेराचं सुक्या भोपळ्याचं दुधिणं किंवा वेताची टोपली मिळाली आणि खाली भुसा पडत असेल, तर आत कीड जिवंत आहे. वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडू नका, नाहीतर गार वस्तूवर पाणी धरतं आणि बुरशी येते.

तावेर्नीची हिशेबाची वही हाती लागली तर काळ ठरवायला चलन बघा. पोर्तुगीज काळातले रुपिया, तांगा, रेईश असेल (१ रुपिया म्हणजे १६ तांगा, म्हणजेच ९६० रेईश), तर मजकूर बहुधा १९५८ च्या आधीचा. एश्कुद आणि सेंताव्ह असतील, तर त्यानंतरचा. वही, परवाना किंवा लेबल लॅमिनेट करू नका: उष्णतेने कागद-शाई बिघडते आणि ते परत काढता येत नाही. सेलोटेपही नको, तो पिवळा पडून डाग सोडतो. ६०० डीपीआयवर स्कॅन करा आणि मूळ कागद आम्लरहित पाकिटात ठेवा. पावसाळ्यात खोलीतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर गेली की बुरशीची भीती असते, तेव्हा हवा खेळती ठेवा.

आठवणी घ्यायला जाताना एखादी वस्तू सोबत न्या. "पूर्वी कसं होतं?" विचारलं तर उत्तर दोन वाक्यांत संपतं. भाण समोर ठेवून विचारा: माती कुठली आणायचात? रस किती दिवस आंबवायचात? उर्राक (पहिल्या धारेची दारू) कुठपर्यंत, आणि फेणी दुसऱ्या धारेची की तिसऱ्या? ग्राव (दारूच्या कडकपणाचं माप) मोजायचं मीटर नसताना बुडबुड्यांवरून कडकपणा कसा ओळखायचात? इथे हात बोलू लागतात, म्हणून नुसत्या आवाजावर न थांबता हातांचा व्हिडिओही घ्या. बोलणं कोंकणीत असेल तर कोंकणीतच लिहून काढा. भाटीचे शब्द मराठीत फिरवले की नेमकेपणा हरवतो.

वस्तू देणाऱ्याला पावती द्या आणि त्यात देणगी की नुसती ठेव, हे स्पष्ट लिहा. उधारीची वही मांडताना खास जपा. त्यातल्या नावांची मुलं-नातवंडं गावातच राहतात, म्हणून नावांच्या रकान्यावर कोरा कागद ठेवा आणि तारीख, माप, रक्कम एवढंच दिसू द्या.