क्लचचं काम करून आणलं आणि गिअर पडेना? या चुका टाळा

गाडी गॅरेजमध्ये दिली तेव्हा तक्रार एवढीच होती की चढावर क्लच स्लिप होतो, म्हणजे इंजिन फिरतं पण गाडी तेवढी ओढत नाही. परत आली तेव्हा स्लिप थांबलेलं, पण रिव्हर्स टाकताना खर्रकन आवाज येतो, पहिला गिअर दोनदा ढकलल्याशिवाय पडत नाही. अशा वेळी दोन मतं हमखास ऐकायला मिळतात. गॅरेजवाला म्हणतो, "नवीन आहे, बसेल हळूहळू." आणि गाडीतलं थोडंफार कळणारा एखादा ओळखीचा म्हणतो, "गिअरबॉक्स गेला." बहुतेक वेळा दोघंही चुकीचे असतात.

काल सरळ चालणारा गिअरबॉक्स नेमका क्लच बदलला त्याच दिवशी खराब होणं, हा योगायोग फार विरळा. बिघाड कामानंतर लगेच सुरू झाला असेल तर जिथे हात लागला तिथेच आधी बघायचं. आणि क्लचच्या कामात हात बऱ्याच ठिकाणी लागतो. क्लचची प्लेट इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये असते, त्यामुळे गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. त्यासाठी ड्राइव्ह शाफ्ट बाहेर काढतात, मग गिअर ऑइल सांडतं किंवा काढून टाकावं लागतं. गिअर लिव्हरच्या केबल सुटतात, इंजिन-गिअरबॉक्स धरून ठेवणारी माउंटिंग खोलतात, क्लचची केबल किंवा (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या क्लचमध्ये) स्लेव्ह सिलिंडर बाजूला होतो, बऱ्याच गाड्यांत बॅटरी आणि वायरिंगही काढतात. यातली प्रत्येक गोष्ट परत बसवताना काहीतरी राहू शकतं.

"बसेल" म्हणून चालवत राहणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून ती आधी. नवीन क्लचमध्ये काही गोष्टी खरंच बसतात. प्लेटचं अस्तर आणि फ्लायव्हीलचा (इंजिनबरोबर फिरणाऱ्या जड चकतीचा) पृष्ठभाग एकमेकांशी जुळायला साधारण ५०० ते ८०० किलोमीटर लागतात. त्या काळात किंचित जळका वास येणं, क्लच पूर्वीपेक्षा वेगळ्या उंचीवर पकडणं, थंड गाडी हलवताना जराशी थरथर होणं, एवढं चालतं. तेवढे दिवस चढावर क्लच अर्धा दाबून गाडी धरून ठेवू नये आणि जड ओढकाम टाळावं.

पण गिअर टाकताना होणारा खर्र आवाज बसत नाही. न पडणारा रिव्हर्स बसत नाही. जमिनीला टेकणारं पेडल, गळती, पेडल दाबल्यावर सुरू होणारी घरघर, यातलं काहीही किलोमीटर वाढल्याने बरं होत नाही, उलट वाढतं. क्लच दाबूनही पूर्ण सुटत नसेल, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे होत नसतील, तर प्रत्येक गिअर बदलताना गिअरबॉक्समधल्या सिंक्रो रिंग (गिअर पडण्याआधी वेग जुळवणाऱ्या कड्या) घासतात. महिनाभर असं चालवलं की "गिअरबॉक्स गेला" हे खरं ठरतं, आणि तोवर ते कोणामुळे झालं हे सिद्ध करणं कठीण झालेलं असतं.

लक्षण सोडून निदान सांगणं

"सिंक्रो बघा", "केबल टाइट करा" असं सांगितलं की मेकॅनिक तेवढंच करतो. त्याऐवजी काय होतं, कधी होतं, कोणत्या गिअरला होतं, थंड असताना की गरम झाल्यावर, हे सांगावं. आणि गॅरेजमध्ये जाण्याआधी काही साध्या चाचण्या आपल्या आपणच करता येतात, त्याला एकही पाना लागत नाही.

पहिली आणि सगळ्यात उपयोगी चाचणी: इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून सगळे गिअर एकेक टाकून बघा. मग इंजिन चालू करून तेच करा. बंद गाडीत गिअर लोण्यासारखे पडतात पण चालू गाडीत अडतात, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. दोन्ही वेळी अडतात, तर क्लच निर्दोष असण्याची शक्यता जास्त. दोष लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंतच्या केबलमध्ये किंवा रॉडमध्ये शोधावा. एवढ्या एका चाचणीने अर्धा वाद मिटतो.

दुसरी: सपाट जागी इंजिन मंद चालू ठेवून क्लच पूर्ण दाबा, मनात पाचपर्यंत मोजा, मग हळूच रिव्हर्स टाका. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो, त्यामुळे क्लच दाबल्यावर आतलं फिरणं थांबायला थोडा वेळ द्यावा लागतो. घाई केली तर चांगल्या गाडीतही खर्र होईल, त्यात गॅरेजचा दोष नाही. पाच सेकंद थांबूनही आवाज आला तर प्लेट अजून फ्लायव्हीलबरोबर फिरते आहे. पहिला गिअर टाकून, क्लच पूर्ण दाबलेला असताना गाडी स्वतःहून पुढे सरकू पाहत असेल, तर तोच निष्कर्ष. ही चाचणी पुढे मोकळी जागा ठेवून, पाय ब्रेकजवळ ठेवूनच करावी.

तिसरी चाचणी हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणाऱ्या क्लचसाठी. पेडल तीन-चार वेळा भराभर दाबा आणि लगेच गिअर टाका. आता गिअर सहज पडला तर पाइपात हवा राहिली आहे किंवा मास्टर (पेडलकडच्या) अथवा स्लेव्ह (क्लचकडच्या) सिलिंडरचं सील दाब धरत नाहीये.

आणि या सगळ्याच्या आधी खाली वाकून पेडलखाली बघा. गॅरेजमध्ये टाकलेला कागद, पुढे सरकलेलं मॅट किंवा मॅटवर टाकलेलं दुसरं मॅट पेडलला शेवटपर्यंत जाऊ देत नाही. हसण्यासारखं वाटेल, पण शेवटच्या थोड्याशा प्रवासातच काही गाड्यांचा क्लच सुटतो.

क्लच सुटत नसेल तर आत काय झालेलं असू शकतं

केबलचा क्लच असेल तर नशीब म्हणायचं, कारण बहुधा सेटिंगनेच काम होतं. पेडलला वरच्या बाजूला थोडी मोकळी चाल असावी. किती, ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. चाल जास्त असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही. इथे एक उलटी चूक होते. गिअर अडतो म्हणून केबल इतकी ताणतात की मोकळी चालच उरत नाही. गिअर पडायला लागतात, ग्राहक खूश होतो. पण रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग) आता कायम दाबाखाली फिरतं आणि नवी प्लेट हळूहळू स्लिप व्हायला लागते. ज्या गाड्यांत केबल स्वतःहून जुळणारी असते तिथे हाताने सेटिंग करण्याचा प्रश्नच येत नाही, तिथे कोणी खटपट केली असेल तर तीच शंका घ्यावी.

हायड्रॉलिकमध्ये पहिला संशय हवेवर. पेडल स्पंजासारखं मऊ लागतं आणि अगदी तळाला जाऊन पकडतं. ब्लीडिंग, म्हणजे पाइपातली हवा काढणं, पुन्हा नीट केलं की प्रश्न सुटतो. काही गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर बाहेर नसून गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या आवरणाच्या आत, शाफ्टभोवती बसवलेला असतो. त्याची हवा काढायला वेळ लागतो आणि तो गळायला लागला तर गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो. म्हणून क्लच सेट बदलताना तोही बदलून घेणं मला शहाणपणाचं वाटतं, जुना चांगला दिसत असला तरी.

क्लचच्या टाकीत कोणतं तेल घातलं हेही विचारा. क्लचला ब्रेक फ्लुइड लागतं, झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचं, बहुधा डॉट ३ किंवा डॉट ४. तिथे इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं तेल गेलं तर रबरी सील फुगतात आणि मग एकेक सिलिंडर बदलत बसावं लागतं. अनेक गाड्यांत क्लच आणि ब्रेक यांची टाकी एकच असते. क्लचकडे जाणारी नळी त्यात वरच्या पातळीवर जोडलेली असते, म्हणजे क्लच गळला तरी ब्रेकचं तेल राहावं. तरीही पातळी उतरत असेल तर ते गंभीर समजावं.

बाहेरचं सगळं ठीक निघालं तर दोष आत आहे. प्लेट उलटी बसवली जाणं ही चूक आजही होते. प्लेटवर कोणती बाजू कुठे हे बहुधा छापलेलं असतं. उलटी बसली की मधला जाड भाग फ्लायव्हीलच्या बोल्टांवर टेकतो आणि क्लच कितीही दाबला तरी सुटत नाही. दुसरी चूक गिअरबॉक्स चढवतानाची: त्याचं सगळं वजन क्षणभर प्लेटवर लटकू दिलं की प्लेटचा मधला भाग वाकतो. नवी प्लेट, नवा पॅकिंग बॉक्स, आणि तरी पहिल्या दिवसापासून खर्र. गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या खाचांना ग्रीस अजिबात न लावल्यास प्लेट सरकत नाही, भरपूर लावल्यास फिरताना ते उडून अस्तरावर जातं. प्रेशर प्लेटचे (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या भागाचे) बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे आवळायचे असतात. एका बाजूने आवळत गेल्यास ती वाकते. काही गाड्यांत झीज आपोआप भरून काढणारी प्रेशर प्लेट असते. ती योग्य टूलशिवाय बसवली तर तिची आतली रिंग आधीच फिरून बसते आणि क्लच नीट सुटत नाही. यातलं काहीही बाहेरून दुरुस्त होत नाही.

फक्त काही गिअर अडतात

पहिला-दुसरा ठीक, पण पाचवा आणि रिव्हर्स मिळतच नाही. किंवा पहिला टाकायला गेलं की तिसरा पडतो. हे क्लचचं काम नाही. लिव्हरकडून गिअरबॉक्सकडे बहुधा दोन केबल जातात. एक लिव्हरची आडवी हालचाल नेते, दुसरी पुढे-मागे. आडवी हालचाल नेणारी केबल थोडी चुकीच्या जागी लॉक झाली की एका टोकाचे गिअर हरवतात. बऱ्याच गाड्यांत ती जुळवण्यासाठी लिव्हर न्यूट्रलमध्ये पिन घालून पक्का करायचा असतो. ही पायरी गाळून अंदाजाने बसवली की असं होतं. टोकाची क्लिप अर्धवट बसलेली किंवा प्लास्टिकचा बुश काढताना तुटलेला, हीही नेहमीची कारणं. गिअर पूर्ण पडत नाही म्हणून चालताना सुटत असेल तरी आधी इथेच बघावं. माउंटिंगचा बोल्ट सैल राहिला असेल तर अॅक्सिलरेटर सोडताना इंजिन कलतं, दण्कन आवाज येतो आणि कधीकधी गिअरही उडतो.

गिअर ऑइल

काढलेलं ऑइल परत भरलंच नाही, असं घडतं. कमी भरलं, असं जास्त वेळा घडतं. वेगाबरोबर चढणारा गुंजारव आणि गरम झाल्यावर कडक होणारे गिअर ही त्याची खूण. लेव्हल प्लग उघडून पातळी बघायला फार वेळ लागत नाही. शंका असेल तर तेवढं होईपर्यंत गाडी चालवू नये.

चुकीचं ऑइल जास्त फसवं, कारण आवाज येत नाही, फक्त गिअर जड होतात. जाड ग्रेड असेल तर थंड गाडीत दुसरा गिअर अडतो आणि काही अंतरानंतर सुटतो. जिथे जीएल-४ दर्जाचं ऑइल सांगितलंय तिथे जीएल-५ घातलं तर ते "वरच्या दर्जाचं" म्हणून चालत नाही. त्यातली रसायनं सिंक्रो रिंगला आवश्यक असलेलं घर्षणच कमी करतात, आणि पितळी रिंगांना त्यांचा त्रासही होऊ शकतो. काही गाड्यांच्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये ऑटोमॅटिकचं पातळ तेल लागतं. थोडक्यात, मेकॅनिकची सवय नव्हे, मॅन्युअल बघावं.

थरथर, स्लिप आणि आवाज

गाडी हलवताना होणारी थरथर त्या सुरुवातीच्या किलोमीटरनंतरही कमी होत नसेल तर बहुधा फ्लायव्हीलचा प्रश्न असतो: पृष्ठभाग जळून निळा पडलेला असताना तसाच ठेवला, किंवा दोन भागांचं फ्लायव्हील सैल झालेलं असताना फक्त प्लेट बदलली. इंजिनचं मागचं ऑइल सील गळत होतं आणि ते बदललं नाही, तर नवी प्लेटही तेलकट होऊन थरथरते, मग स्लिप होते. नव्या प्रेशर प्लेटवर गंज टाळण्यासाठी लावलेला तेलाचा थर न पुसणं, हेही याच जातीचं.

आवाजाचं गणित सोपं आहे. पेडल दाबल्यावर आवाज सुरू होतो, तर रिलीज बेअरिंग. न्यूट्रलमध्ये पेडल सोडलेलं असताना येतो आणि दाबल्यावर थांबतो, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग किंवा कमी ऑइल.

एएमटी गाडीत (जिथे क्लच आणि गिअर यंत्रणाच चालवते) मात्र या चाचण्या लागू पडत नाहीत, कारण तिथे क्लचचं पेडलच नाही. क्लच बदलल्यावर स्कॅनर लावून कंट्रोल युनिटला नव्या क्लचचा पकड-बिंदू शिकवावा लागतो. ते केलं नसेल तर गाडी धक्के देते किंवा गिअरच घेत नाही. अशी गाडी स्कॅनर नसलेल्या गॅरेजमध्ये देऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

शेवटची एक विजेची गोष्ट, कारण ती कोणी बघत नाही. गिअरबॉक्सला जोडलेली अर्थची पट्टी परत लावायची राहिली तर स्टार्टर जड फिरतो आणि करंट गिअर केबलसारख्या भलत्याच वाटेने जाऊन ती तापवतो. रिव्हर्सचा दिवा लागत नसेल तर तिथलाही कनेक्टर बघून घ्या.

परत गॅरेजमध्ये जाताना

आधी त्याच गॅरेजला संधी द्यावी. मधे दुसऱ्याने हात लावला की पहिला हात वर करतो. बिल आणि जुने पार्ट मागून घ्या, मेकॅनिकला शेजारी बसवून गाडी चालवून दाखवा, बंद आणि चालू इंजिनमधला फरक त्याच्यासमोर करून दाखवा. पेडल जमिनीला जात असेल, जोराचा जळका वास येत असेल किंवा खाली तेल ठिबकत असेल तर चालवत नेऊ नका, टो करून न्या. आणि गिअरबॉक्स पुन्हा उतरवायची वेळ आलीच, तर तो वर चढवण्याआधी फ्लायव्हील, मागचं सील आणि बसवलेल्या प्लेटची छापील बाजू यांचे फोटो पाठवायला सांगा.