नवी प्रजाती सापडली म्हणण्याआधी या चुका टाळा

पावसाळा सरला, ऑक्टोबर लागला की माझ्या फोनवर फोटो यायला सुरुवात होते. सड्यावरच्या कातळाला चिकटलेली पाल, किल्ल्याच्या तटातल्या फटीतली पाल, देवळाच्या खांबावरची पाल. खाली एकच प्रश्न असतो, "मॅडम, नवीन आहे ना?" हल्ली फोटोसोबत डीएनएचा सिक्वेन्स, म्हणजे त्यातल्या अक्षरांचा क्रमही येतो, कारण तो करून घेणं पूर्वीपेक्षा खूप स्वस्त झालं आहे. सह्याद्रीतल्या लहान पालींवर मी सोळा वर्षं काम करते आहे. खवले मोजणं आणि जनुकं तपासणं ही दोन्ही कामं स्वतः करते. या काळात चुका बदललेल्या नाहीत, फक्त त्या करण्याचा वेग वाढला आहे. म्हणून एकदा सगळं लिहून काढते आहे.

जेनबँकेत जुळलं नाही, म्हणजे नवीन

सगळ्यात जास्त वेळा दिसणारी आणि मला सगळ्यात जास्त छळणारी चूक हीच. सिक्वेन्स आला की ब्लास्ट या शोधणाऱ्या प्रणालीत टाकायचा, सगळ्यात जवळचं उत्तर ८८ टक्के जुळतं असं दिसलं की नवी प्रजाती जाहीर. लोकांनी जेनबँक या सिक्वेन्सच्या सार्वजनिक संग्रहात जे सिक्वेन्स टाकले आहेत, त्यांतला तुमच्या सिक्वेन्सच्या सर्वांत जवळचा कोणता, एवढंच ब्लास्ट सांगतो. ज्या प्रजातीचा सिक्वेन्स कुणी टाकलेलाच नाही, ती त्याच्या लेखी नाहीच. आपल्याकडच्या पालींची कितीतरी नावं एकोणिसाव्या शतकातली आहेत. तेव्हा कुणी डीएनए काढत नव्हतं, आणि त्यांतल्या काहींचा नंतरही कुणी काढलेला नाही.

एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगते. मुलगा हुशार होता, रात्र-रात्र रानात राहणारा. त्यानं घाटातून निमास्पिस या वंशाच्या तीन पाली आणल्या. या पाली दिवसा फिरतात, त्यांच्या डोळ्याची बाहुली गोल असते आणि अंगठ्याएवढ्या असल्यामुळे त्या पटकन नजरेला पडत नाहीत. त्यानं एनडी२ जनुकाचा सिक्वेन्स काढला. उपलब्ध नमुन्यांपासून तो १२ टक्क्यांहून जास्त वेगळा निघाला. मुलानं आजीच्या नावावरून प्रजातीचं नाव ठरवलं आणि आजीला ते सांगूनही टाकलं. लेखाचा मसुदा माझ्याकडे आला तेव्हा मी विचारलं, "या वंशातली जुनी नावं पाहिलीस का? त्यांची मूळ वर्णनं वाचलीस?" तो म्हणाला, "मॅडम, त्यांचे सिक्वेन्सच नाहीत, मग तुलना कशाशी करणार?"

ज्या जुन्या नावाकडे माझं बोट होतं, त्याचं मूळ वर्णन जेमतेम बारा ओळींचं होतं. पण त्यात तीन गोष्टी होत्या: ठिकाण, पाठीवरच्या खवल्यांची ठेवण आणि नराच्या मांडीवरची छिद्रं. तिन्ही गोष्टी त्याच्या पालींशी जुळत होत्या. परवानगी मिळायला पाच महिने गेले. मग आम्ही त्या मूळ ठिकाणी गेलो आणि दुसऱ्या सकाळी एका जुन्या चौथऱ्याच्या भिंतीवर दोन नर मिळाले. त्यांचा सिक्वेन्स आला. त्याच्या 'नव्या' प्रजातीपासून फरक एक टक्कासुद्धा नव्हता. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी तिला नाव मिळालेलं होतं.

तो दोन आठवडे माझ्याशी धड बोलला नाही. पुढे त्यानं त्याच जुन्या प्रजातीचं सविस्तर पुनर्वर्णन लिहिलं: नर, मादी, पिल्लू, सिक्वेन्स, अधिवास, सगळं. ते काम मला नव्या नावापेक्षा मोलाचं वाटतं, कारण त्यानंतर त्या डोंगररांगेत काम करणाऱ्या प्रत्येकाला तुलनेसाठी पक्का आधार मिळाला. असाच उपयोग निमास्पिस मायसोरिएन्सिसच्या बाबतीत झाला. जर्डन या निसर्गअभ्यासकानं १८५३ साली या पालीला नाव दिलं होतं. २००९ साली तिच्यासाठी निओटाइप, म्हणजे मूळ नमुन्याच्या जागी नवा आधारनमुना ठरवला गेला आणि पुनर्वर्णन झालं. त्यामुळे आजूबाजूच्या पालींची तुलना नेमकी कशाशी करायची हे ठरलं.

माझी सवय सांगते. वंश कोणताही असो, आधी एक वही घालते. त्या वंशात या भागातून आजवर दिलेलं प्रत्येक नाव तिच्यात लिहायचं, रद्द ठरलेली आणि दुसऱ्या नावात विलीन झालेली नावंसुद्धा. प्रत्येकापुढे साल, मूळ ठिकाण, टाइप नमुना, म्हणजे ज्यावरून नाव दिलं तो नमुना, कुठल्या संग्रहालयात आहे, तो नर आहे की मादी, हे लिहायचं. विलीन झालेली नावं सगळ्यात घातक. १८८४ साली मरे या अभ्यासकानं सिंधमधून वर्णन केलेली हेमिडॅक्टिलस ग्लीडोवी कित्येक दशकं हेमिडॅक्टिलस ब्रूकी या नावाखाली गाडली गेली होती, आणि भारतभरच्या ठिपकेवाल्या पालींना लोक सरसकट ब्रूकी म्हणत होते. त्या काळातल्या नावांवर विसंबून कुणी सिक्वेन्स जेनबँकेत टाकला असेल, तर त्यावरचं नावही चुकीचं असू शकतं. सिक्वेन्स कुठल्या नमुन्याचा आणि तो नमुना कुठे ठेवला आहे, हे लिहिलेलं नसेल तर मी तो माझ्या झाडात, म्हणजे जनुकांवरून काढलेल्या वंशवृक्षात, आधार म्हणून घेत नाही. वही भरेपर्यंत मी प्रयोगशाळेत एक रुपया खर्च करू देत नाही. मुलांना हे जाचक वाटतं. वाटू दे.

दोन टक्क्यांचा नियम

सिक्वेन्समध्ये दोन टक्के फरक दिसला की नवी प्रजाती, असा नियम नाही. जीवशास्त्रज्ञ पॉल हेबर्ट यांनी २००३ साली सीओआय या मायटोकॉण्ड्रियातल्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातल्या) जनुकाचा बारकोडसारखा वापर सुचवला, आणि तेव्हापासून दोन-तीन टक्क्यांचा आकडा गुळगुळीत झाला आहे. एनडी२ वेगानं बदलतं, १६एस हे दुसरं जनुक सावकाश बदलतं. एका जनुकाचा आकडा दुसऱ्याला लावायचा नसतो, बेडकांचा पालींना लावायचा नसतो.

एकच जनुक, तेही आईकडून आलेलं

मायटोकॉण्ड्रिया फक्त आईकडून येतो. म्हणजे त्याच्यावरून काढलेलं झाड हे माद्यांच्या वंशावळीचं झाड असतं. दोन प्रजातींचा कधीकाळी संकर झाला असेल तर एकीचा मायटोकॉण्ड्रिया दुसरीत शिरून तिथेच राहू शकतो. म्हणून केंद्रकातली किमान दोन जनुकं तपासल्याशिवाय मी मत देत नाही. चीनमधल्या कासवांची गोष्ट लक्षात ठेवा. पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून मिळालेल्या कासवांवरून मॉरेमिस इव्हरसोनी, मॉरेमिस प्रिचार्डी अशा 'नव्या' प्रजाती १९९० च्या दशकात वर्णन केल्या गेल्या. पुढे जनुकीय तपासणीत त्या संकरित निघाल्या. ती कासवं रानात कुणी पाहिलेली नव्हती, आणि शंका यायला तेवढं कारण पुरेसं होतं.

आणखी एक गोष्ट. मायटोकॉण्ड्रियाच्या जनुकांच्या जुन्या प्रती केंद्रकात अडकून पडलेल्या असतात आणि पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवताना, कधीकधी त्याच वाढतात. एनडी२ किंवा सीओआयचा सिक्वेन्स आला की तो आधी प्रथिनाच्या भाषेत उतरवून बघा. मधेच स्टॉप कोडॉन, म्हणजे प्रथिन इथे संपलं अशी खूण, आली तर तो सिक्वेन्स फेकून द्या. दोन मिनिटांचं काम आहे, आणि तेच टाळलं जातं.

चिठ्ठी आणि कुपी

ही माझी दुसरी दुखरी नस. काही वर्षांपूर्वी एका गटानं तपासणीसाठी मला एक हस्तलिखित पाठवलं. त्यांचा दावा मोठा होता: एकाच सड्यावर, एकाच कातळावर दिसायला जवळपास सारख्या दोन प्रजाती राहतात. झाडावर त्या सड्याचे नमुने दोन लांबच्या फांद्यांवर बसले होते. त्यावर एक अख्खं प्रकरण रचलं होतं: एक पाल कातळाच्या वरच्या बाजूला राहते, दुसरी सावलीत, वगैरे. मी नमुने मागवले. तक्त्यात त्या वेगळ्या निघालेल्या पालीपुढे ऊतीचा प्रकार म्हणून 'शेपटीचं टोक' असं लिहिलेलं होतं. बरणी उघडली, क्रमांक जुळवला, पाल भिंगाखाली धरली. तिची शेपटी टोकापर्यंत शाबूत होती. तुटून पुन्हा आलेली नाही, मूळची, शेवटच्या खवल्यापर्यंत सलग.

म्हणजे कुपीतला तुकडा त्या पालीचा नव्हताच. चौकशीत कळलं की त्या सहलीत दोन दिवसांत तीन सडे केले होते, कुप्यांचे क्रमांक फक्त झाकणांवर लिहिले होते आणि रात्री मुक्कामी अल्कोहोल बदलताना सगळी झाकणं एका ताटलीत काढून ठेवली होती. दुसऱ्या सड्यावरचा तुकडा या सड्याच्या क्रमांकाखाली गेला. तीन माणसांचं दीड वर्ष त्या ताटलीपायी गेलं.

तेव्हापासून माझ्यासोबत येणाऱ्या प्रत्येकाला माझ्या पद्धतीनंच काम करावं लागतं. एका वेळी एकच पाल आणि एकच उघडी कुपी. क्रमांक झाकणावर, कुपीच्या अंगावर आणि आतल्या चिठ्ठीवर, असा तीन ठिकाणी. चिठ्ठी जाड कागदाची आणि क्रमांक शिसपेन्सिलीनं, कारण बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि चार महिन्यांनी हातात कोरा कागद येतो. ऊती कुठून घेतली ते वहीत लिहायचं: यकृत, मांडी की शेपटी. जमेल तिथे मी यकृत घेते, तेही नमुना फॉर्मॅलिनमध्ये जाण्याआधी.

फॉर्मॅलिनबद्दल अजूनही सांगावं लागतं याचं वाईट वाटतं. फॉर्मॅलिननं शरीर ताठ राहतं, खवले नीट मोजता येतात, पण डीएनएचे रेणू एकमेकांना जखडून जातात आणि तुटतात. आधी ऊती शुद्ध अल्कोहोलमध्ये, मग शरीर १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये, मग पाण्यानं धुऊन ७० टक्के अल्कोहोलमध्ये. हा क्रम उलटला तर नंतर तो सुधारता येत नाही.

रंगावर भरवसा

निमास्पिस फ्लॅव्हिव्हेन्ट्रालिस ही आंबोलीची पाल २०१६ साली वर्णन केली गेली, आणि तिचं नाव पोटाच्या पिवळेपणावरून आहे. अल्कोहोलमध्ये काही आठवडे ठेवा, पिवळा दिसणार नाही. जिवंतपणीच फोटो घ्या: पाठ, पोट, घसा आणि दोन्ही कुशी.

फक्त मादी, फक्त पिल्लू

निमास्पिसमध्ये मांडीवरची आणि गुदद्वारापुढची छिद्रं हे ओळखीचं मोठं लक्षण आहे, आणि ती बघायला प्रौढ नर लागतो. नर नसेल तर थांबा. प्राण्यांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत घालणाऱ्या खुद्द लिनियसनं १७५८ साली मॅलार्ड बदकाच्या नराला एक आणि मादीला दुसरं नाव दिलं होतं.

मोजणारा बदलला

एकानं दहा पाली मोजल्या, दुसऱ्यानं उरलेल्या दहा, आणि मग दोन गटांत फरक सापडला. चौथ्या बोटाखालच्या पट्ट्या कुठून मोजायला सुरुवात करायची यावरच माणसागणिक दोन-तीनचा फरक पडतो. सगळे नमुने एकाच माणसानं, एकाच कॅलिपरनं, तीन वेळा मोजायचे. क्रमांक झाकून मोजले तर आणखी चांगलं, कारण कुठली पाल कुठल्या डोंगराची हे माहीत असलं की डोळा आपल्याला हवं ते मोजतो. माझाही मोजतो.

रस्ता जिथे जातो तिथलेच नमुने

याचा फारसा कुणी विचार करत नाही. आपण नमुने कुठून आणतो? आंबोली, कास, महाबळेश्वर, लोणावळा. जिथे एसटी जाते आणि राहायची सोय होते तिथून. या लहान पाली जन्मभरात फार लांब जात नाहीत. त्यामुळे अंतर वाढेल तसा जनुकांतला फरकही हळूहळू वाढत जातो. साठ-सत्तर किलोमीटरवरची दोनच ठिकाणं घेतली तर मधला हळूहळू होणारा बदल गायब होतो आणि दोन टोकं तेवढी दिसतात, मग ती दोन प्रजातींसारखी वाटतात. मधले किल्ले, मधल्या देवराया, खालची कोकणातली गावं यांतून नमुने आणा. मधल्या पाली मधल्याच निघाल्या तर तुमच्याकडे एकच प्रजाती आहे. मधेच एखाद्या खिंडीपाशी जनुक आणि खवले दोन्ही एकदम बदलले, तर मात्र खरोखर काहीतरी हाती लागलं आहे. या कामात दोन हंगाम जातात. ज्याला दोन हंगाम थांबायचं नाही, त्यानं नाव देण्याचं काम अंगावर घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. एकदा छापलेलं नाव चुकीचं ठरलं तरी पुसता येत नाही. पुढच्या प्रत्येक अभ्यासकाच्या वहीत ते भरावं लागतं.

कागदपत्रं

वन विभागाची परवानगी आधी, सहल नंतर. होलोटाइप, म्हणजे नाव ज्यावर आधारलेलं आहे तो मुख्य नमुना, स्वतःच्या कपाटात ठेवू नका. भारतीय प्राणी सर्वेक्षण किंवा बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) यांसारख्या संस्थेच्या संग्रहात तो द्या आणि नोंदणी क्रमांक लेखात लिहा. लेख फक्त ऑनलाइन निघणार असेल तर झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या ऑनलाइन नोंदवहीतली नोंदणी छापण्याआधी झालेली हवी आणि ती लेखात दिसायला हवी, नाहीतर नियमाप्रमाणे ते नाव ग्राह्यच धरलं जात नाही. २०१२ पासून हा नियम आहे, तरी तो विसरला जातो.

नेमकं ठिकाण छापणं

बातमी आली की जागेचा नकाशाही येतो. गोनियुरोसॉरस लुई ही चीनमधली पाल १९९९ साली वर्णन केली गेली, आणि पाळीव प्राण्यांच्या व्यापारासाठी ती इतकी पकडली गेली की मूळ ठिकाणाहून ती संपली. आपल्या पालींचे फोटोही परदेशी विक्रीच्या पानांवर मी पाहिले आहेत. म्हणून लेखात मी तालुका आणि उंची देते, अक्षांश-रेखांश संग्रहालयाच्या नोंदवहीत देते. वार्ताहरानं विचारलं तर गावाचं नावही सांगत नाही. कातळ कुठला, हे त्या गावच्या वनरक्षकाला आधी जाऊन सांगते, कारण तिथे अनोळखी गाडी थांबली तर ती पहिल्यांदा त्याच्याच नजरेला पडणार असते.