साध्या काचेवर अमॉर्फस सिलिकॉनची सौरसेल

खिडकीची साधी सोडा-लाइम काच ५५० अंश सेल्सिअसच्या आसपास वाकायला लागते. त्यामुळे तिच्यावर सिलिकॉन वितळवून स्फटिक करता येत नाहीत. पण सायलेन (सिलिकॉन आणि हायड्रोजनचे संयुग) वायूचा प्लाझ्मा करून २०० अंशांना हायड्रोजनयुक्त अमॉर्फस, म्हणजे स्फटिकरचना नसलेले, सिलिकॉन बसवता येते. त्याचा ३०० नॅनोमीटरचा थरही सूर्यप्रकाश चांगला शोषतो.

आधी सुरक्षितता. सायलेन हवेत आपोआप पेटतो. थरांत फॉस्फरस आणि बोरॉन मिसळण्यासाठी लागणारे फॉस्फिन आणि डायबोरेन हे वायू फार थोड्या प्रमाणातही विषारी आहेत. बंदिस्त गॅस कपाट, गळतीचे सेन्सर आणि एक्झॉस्टला स्क्रबर (बाहेर जाणारा वायू शुद्ध करणारे यंत्र) नसेल तर हे काम सुरूच करू नये.

काच फ्लोरिनयुक्त टिन ऑक्साइडचा (पारदर्शक, वीजवाहक) खरबरीत थर असलेली घ्या. शीट रेझिस्टन्स (थराच्या चौरस तुकड्याचा विद्युतरोध) १० ओहमच्या आसपास हवा. काच आणि ऑक्साइड यांच्यामध्ये सिलिकाचा पातळ थर असावा, नाहीतर काचेतला सोडियम वर सरकतो. डिटर्जंटमध्ये अल्ट्रासॉनिक १५ मिनिटे, मग डीआयोनाइज्ड पाणी, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि शेवटी कोरडा नायट्रोजन. ही पायरी कंटाळवाणी आहे, पण इथे राहिलेला एकेक धूलिकण पुढे एकेक छिद्र होतो. मागचा धातू त्या छिद्रातून थेट पुढच्या ऑक्साइडला टेकतो आणि सेल शॉर्ट होते.

प्लाझ्माच्या चेंबरमधला दाब १०⁻⁶ टॉरपर्यंत खाली न्या, काच २०० अंशांवर स्थिर होऊ द्या. आरएफ (प्लाझ्मा पेटवणारी रेडिओ वारंवारता) १३.५६ मेगाहर्ट्झ, दाब साधारण ०.५ टॉर, पॉवर दर चौरस सेंटिमीटरला १० ते २० मिलिवॅट. थरांचा क्रम पी-आय-एन: बोरॉनयुक्त पी, भेसळविरहित आय, फॉस्फरसयुक्त एन.

पी-थर: सायलेन, मिथेन आणि सायलेनच्या सुमारे १ टक्का डायबोरेन, जाडी १० नॅनोमीटर. मिथेनमुळे बँडगॅप (प्रकाश शोषायला लागणारी किमान ऊर्जा) वाढतो आणि निळा प्रकाश आत पोहोचतो. इथे पॉवर कमीच ठेवा. हायड्रोजनच्या जोरदार प्लाझ्माने टिन ऑक्साइडचे क्षपण होते, त्यात धातुरूप टिन सुटतो आणि काच काळवंडते. तो डाग पुन्हा जात नाही.

आय-थर: सायलेनमध्ये चार ते दहापट हायड्रोजन, २५० ते ३०० नॅनोमीटर. सेकंदाला ०.१५ नॅनोमीटर वेग धरला तर अर्ध्या तासाच्या आसपास लागतो. घाईने पॉवर किंवा दाब वाढवला की प्लाझ्मातच पिवळसर भुकटी तयार होते आणि थरात अडकते.

एन-थर: १ टक्का फॉस्फिन, २० ते २५ नॅनोमीटर.

एकाच चेंबरमध्ये तिन्ही थर करत असाल तर सर्वांत जास्त वेळ पी आणि आय यांच्या मध्ये द्या. भिंतींना चिकटलेला बोरॉन आय-थरात शिरला की निळ्या प्रकाशातून मिळणारा करंट पडतो. प्लाझ्मा बंद ठेवून १० ते १५ मिनिटे हायड्रोजन वाहू द्या, पंप करा, मग ३ ते ५ नॅनोमीटर बोरॉनविरहित सिलिकॉन-कार्बनचा बफर टाका. वेगळ्या चेंबरची व्यवस्था असेल तर तीच वापरावी, त्याला तोड नाही.

नंतर काच हळू थंड करा. काचेचे प्रसरण सिलिकॉनच्या जवळपास तिप्पट असते. झटक्याने थंड केल्यास कडेपासून थर सुटतो. मागे झिंक ऑक्साइड ८० नॅनोमीटर, त्यावर २०० ते ३०० नॅनोमीटर चांदी किंवा अॅल्युमिनियम. चांदी लाल प्रकाश जास्त परत पाठवते, अॅल्युमिनियम स्वस्त पडते. शेवटी १५० अंशांना अर्धा तास अॅनिलिंग, म्हणजे तापवून ठेवणे.

चांगल्या सेलचा व्होल्टेज ०.८५ ते ०.९ व्होल्ट, करंट चौरस सेंटिमीटरला १४ ते १६ मिलिअँपिअर आणि फिल फॅक्टर (कमाल शक्ती भागिले व्होल्टेज आणि करंट यांचा गुणाकार) ०.७ च्या आसपास येतो. करंट-व्होल्टेजचा वक्र शून्य व्होल्टेजजवळच उतरता असेल तर बहुधा शंट, म्हणजे आतून करंट गळण्याची वाट. अंधारातला वक्र घेऊन खात्री करा. वक्र एस-आकाराचा आला तर पी-थर आणि ऑक्साइड यांचा किंवा मागचा संपर्क बिघडला आहे. लाल प्रकाशात करंट कमी असेल तर आय-थर आणि मागचा परावर्तक पाहा.

पहिल्या दिवसाच्या आकड्यावर विसंबू नका. स्टेब्लर आणि व्रॉन्स्की यांनी १९७७ मध्ये दाखवलेल्या परिणामामुळे उन्हात कार्यक्षमता घसरते आणि मग स्थिरावते. म्हणून ५० अंशांना एका सूर्याच्या (भर उन्हाइतक्या) प्रकाशात १००० तास ठेवून मग मोजा. घसरण जास्त दिसली तर आय-थर पातळ करा. त्यातले विद्युतक्षेत्र वाढते आणि नव्याने झालेल्या दोषांचा त्रास कमी होतो. १५० अंशांना काही तास तापवल्यावर मूळ कार्यक्षमता परत येते. तशी ती आली नाही, तर दोष या परिणामाचा नसून संपर्कात किंवा ओलाव्यात आहे.