जुन्या सायकलीचा भाव काढताना मी कुठं आपटलो

शहापुरात मामाच्या सायकल दुकानात पंक्चर काढत काढत मी या धंद्यात आलो. आता नवीन पोरं विचारतात, जुनी रॅले कंपनीची सायकल दिसली तर किती सांगायचं? तर आधी माझा तोटा ऐका. निपाणीत एका जुन्या वाड्याच्या माळ्यावर रॅले मिळाली, ३५०० ला घेतली आणि शहाणपणा करून १८०० घालून नवा काळा रंग मारून घेतला, एकदम चकाचक. गोव्याहून गिऱ्हाईक आलं, चेनकव्हरवर बोट फिरवलं आणि म्हणालं, मूळ रंगावरच्या सोनेरी रेघा कुठायत हो? ४००० च्या वर रुपया चढला नाही. १३०० गेले की खिशातले! रंग उडालेला असूदे, थोडा गंज असूदे, पुसून तेलाचा हात मारायचा आणि मूळ रंग तसाच ठेवायचा.

आता मी पहिलं मागचं हब, म्हणजे चाकाच्या मधला तुंबा, बघतो. तीन गिअरचं, स्टर्मी-आर्चर कंपनीचं असलं तर चिंधीनं ग्रीस पुसा, खाली ठोकलेलं दिसतं, एडब्ल्यू हे मॉडेल, मग ५६, मग ४, म्हणजे १९५६ चा एप्रिल. पण ही तारीख हबची हं, मधी कुणी चाक बदललं असलं तर फसाल, म्हणून हँडलखालचा कंपनीचा बिल्ला पण बघायचा. इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमची असली तर भाव वेगळा, इकडं आसनसोलला बनलेली सेन-रॅले सायकल म्हणून चांगलीच पण गिऱ्हाईक तेवढं देत नाही. बिल्ले बदलणारे महाभाग पण आहेत, रिव्हेट ताजे दिसले की सावध.

भाव काढताना जाहिरातीत मागितलेला आकडा धरू नका, खरंच कितीला गेली ते दोघातिघांना विचारा. त्यातनं टायर-ट्यूब, चाकाची आउट काढायची, म्हणजे वाकडं फिरणारं चाक सरळ करायची मजुरी आणि हरवलेले पार्ट वजा करा. रॉड ब्रेकचे, म्हणजे वायरीऐवजी सळीनं लागणाऱ्या ब्रेकचे जुने पार्ट शोधताना जीव जातो, ते जास्तच धरा. ब्रूक्स सीटचं चामडं फाटलेलं असलं तर तो पण खर्च. आणि पायडलचा दांडा धरणारी कॉटर पिन जाम असली तर लगेच हातोडी घालू नका, रात्रभर तेल मुरू द्या.

परवा खानापूरकडं एका अज्जांनी हंबर कंपनीची जुनी सायकल दाखवली, पुढचा फोर्क दुहेरी नळ्यांचा, लांबूनच ओळखली. भाव विचारला तर म्हणाले, तूच सांग की आधी. चहा पिऊन परत आलोय, रविवारी परत जाणार.