पिकअपची काच अर्ध्यावर अडकली तर: आधी तपासणी, मग मशीन

काच खाली गेली ती गेलीच, बटण दाबून वर येत नाही. गाडी बहुतेक वेळा थेट गॅरेजात जाते, तिथे ‘मशीन गेली’ म्हणून मोटरसकट अख्खी मशीन (काच वर-खाली करणारी यंत्रणा) बदलली जाते आणि सहा-आठ महिन्यांत नवीही तशीच अडकते. यात दोन चुका होतात. पुष्कळदा मशीन गेलेलीच नसते, दाराच्या बिजागरीजवळ एक वायर तुटलेली असते. आणि मशीन खरोखर गेली असेल, तर ती चॅनलमधल्या (काच सरकते त्या रबरी खोबणीतल्या) मातीने मारलेली असते. ती माती तशीच ठेवून नवी मशीन बसवणं म्हणजे पैसे पाण्यात. म्हणून इथे तपासणीला जास्त जागा दिली आहे, बदलण्याचं काम त्या मानाने सोपं आहे.

आधी कान द्या

इंजिन बंद, चावी ऑन, केबिनचा दिवा चालू. आता काचेचं बटण दाबा आणि दिव्याकडे बघा. दिवा किंचित मंद झाला पण काच हलली नाही, तर मोटरपर्यंत करंट जातो आहे, म्हणजे मोटर किंवा काच जाम आहे. दिवा जराही हलला नाही, तर करंट वाटेतच तुटला आहे किंवा मोटरचे कार्बन (आत वीज पोचवणारे ब्रश) संपले आहेत.

मोटर फिरल्याचा आवाज येतो पण काच जागची हलत नाही, तर वीज ठीक आहे. आतला गुटका (काच पकडणारा प्लास्टिकचा तुकडा) फुटला असेल, रोप (काच ओढणारी तार) तुटला असेल किंवा गिअरचे दात गेले असतील. कडकड आवाज करत काच एका बाजूला तिरकी होत असेल, तर रोप ड्रमवरून (तो गुंडाळणाऱ्या चाकावरून) उतरला आहे. अशा वेळी पुन्हा पुन्हा बटण दाबू नका. सुटलेला रोप ड्रममध्ये गुंतून प्लास्टिकचं घर फोडतो.

काच खाली जाते पण वर येताना थांबते, हा सगळ्यात फसवा प्रकार. खाली जाताना काचेचं वजन मोटरला मदत करतं, वर येताना मोटरला ते वजनही उचलायचं असतं आणि चॅनलचं घर्षणही सोसायचं असतं. त्यामुळे दोष बहुधा चॅनलमध्ये किंवा अशक्त मोटरमध्ये असतो. वरच्या दिशेला मोटर अजिबात आवाजच करत नसेल, तर मात्र बटणाचा एक संपर्क जळालेला असतो. मोटरला जाणाऱ्या दोन वायरींपैकी एक तुटली तर दोन्ही दिशा बंद पडतात, एकच नाही.

वीज कुठून कशी जाते

साध्या रचनेत मोटरला दोनच वायरी असतात. बटण मोकळं असताना दोन्ही वायरी बटणातून अर्थला (बॅटरीच्या निगेटिव्हला) जोडलेल्या असतात. बटण दाबलं की एका वायरीवर १२ व्होल्ट येतात आणि दुसरी अर्थच राहते. उलट दिशेला हेच उलटं होतं. क्लिनर साइडच्या काचेची वाट ड्रायव्हरच्या मुख्य स्विचमधूनही जाते, हे लक्षात ठेवलं की अर्धं निदान बसल्या जागी होतं. क्लिनर साइडची काच ड्रायव्हरच्या बटणाने चालते पण स्वतःच्या बटणाने नाही, तर तिचं बटण बघा (आणि त्याआधी विंडो लॉकचं बटण दाबलेलं नाही ना, तेही बघा). दोन्हींकडून चालत नाही, तर मोटर किंवा वायर. सगळ्याच काचा एकदम बंद, तर फ्यूज, रिले किंवा मुख्य स्विचचा अर्थ.

एका स्पर्शात पूर्ण वर जाणारी काच असलेल्या नव्या गाड्यांत मोटरमध्येच इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं आणि बटण फक्त इशारा देतं. मोटरच्या कपलरमध्ये (वायरी जोडायच्या प्लगमध्ये) दोनपेक्षा जास्त वायरी दिसल्या, तर त्या मोटरला बॅटरीतून थेट वीज देऊन पाहू नका, सर्किट जळेल.

फ्यूज डोळ्यांनी बघून ‘चांगला आहे’ म्हणू नका. चावी ऑन करून फ्यूजच्या पाठीवरच्या दोन्ही टोकांना टेस्ट लॅम्प लावा, दोन्हीकडे दिवा लागला पाहिजे. फ्यूज उडालेला असेल तर त्याच अँपिअरचा घाला. मोठा घातला तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळते.

मोटरपाशी मोजमाप

इथून पुढे डोअर पॅड (दाराचं आतलं आवरण) काढावं लागतं (ते कसं, ते खाली आहे). मोटरचा कपलर काढून मीटर लावला आणि १२ व्होल्ट दिसले की मोटर गेली असं ठरवतात. हे माप खोटं बोलू शकतं. वायरीतली एकच तार उरली असली तरी मीटर १२ दाखवेल, कारण मीटरला करंट जवळजवळ लागतच नाही. मोटरला चालताना साधारण ५ ते १० अँपिअर लागतात आणि अडकली की त्याच्या दुप्पट किंवा जास्त. म्हणून कपलर जोडलेला ठेवून त्याच्या मागच्या बाजूने मीटरच्या सुया घाला, बटण दाबून धरा आणि तेव्हा वाचा. ११ व्होल्टच्या वर येतात आणि मोटर गप्प, तर मोटर गेली. बटण दाबताच आकडा ४-५ वर कोसळला, तर मोटरला दोष देऊ नका, वायर किंवा स्विच वीज खातो आहे. मग लाल सुई वीज येणाऱ्या वायरीवर ठेवून काळी सुई बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. इथे पूर्ण व्होल्ट आले तर दोष अर्थच्या बाजूला, कमी आले तर पुरवठ्याच्या बाजूला.

पुरवठ्याची वायर सगळ्यात जास्त कुठे तुटते? दार आणि बॉडीच्या मधल्या काळ्या रबरी नळीत. पिकअपचं दार दिवसातून पन्नास वेळा उघडतं, आणि प्रत्येक वेळी तिथल्या वायरी वाकतात. बाहेरून वायर धडधाकट दिसते. रबर मागे सारून एकेक वायर दोन बोटांत धरून हलकी ताणा. चांगली वायर ताठ राहते. तुटलेली वायर रबरासारखी लांबते, कारण आत तांबं उरलेलंच नसतं, फक्त कव्हर असतं. कधी कधी त्या जागी आतल्या तारांवर हिरवा गंज दिसतो, ती पावसाच्या पाण्याची करणी. दार वेगवेगळ्या कोनांत धरून बटण दाबत राहिलं आणि मध्येच काच चालली, तर निदान पक्कं.

दुरुस्ती करताना नळीच्या आत जोड देऊ नका. डागलेला (सोल्डर केलेला) जोड ताठ होतो आणि त्याच्या शेजारीच वायर पुन्हा तुटते. वाकणारा पूर्ण तुकडा नव्या, बारीक तारांच्या मऊ वायरीने बदला. एक जोड दाराच्या आत, दुसरा बॉडीच्या खांबाच्या आत. दोन्ही डागून त्यांवर हीट श्रिंक नळी चढवा आणि शेजारच्या वायरींचे जोड एकाच रेषेत येऊ देऊ नका.

मोटर गप्प असेल तर बटण दाबून ठेवून मोटरच्या जागी दारावर तळहाताने थाप मारा. चालू झाली तर कार्बन झिजलेत. मुक्कामी पोचायला हा उपाय पुरतो, त्यापलीकडे त्यावर विसंबू नका.

डोअर पॅड आणि काच

लागणारं सामान: १० ची गोटी आणि रॅचेट, चौफुली स्क्रू ड्रायव्हर, प्लास्टिकची पट्टी, रुंद मास्किंग टेप, सहा-आठ सुट्या क्लिपा, आणि मशीन रिव्हेटने बसवलेली असेल तर ड्रिल, रिव्हेट गन आणि त्याच मापाचे रिव्हेट.

काच हलत असेल तर काचेचे बोल्ट दाराच्या छिद्रांसमोर येतील अशी आधीच आणून ठेवा. त्यानंतर बॅटरीचं निगेटिव्ह काढा. गाडीला साइड एअरबॅग असतील तर पाचेक मिनिटं थांबून मगच दाराला हात लावा. पॅडचे स्क्रू लपलेले असतात: ओढायच्या कपाच्या तळाशी, आतल्या हँडलच्या टोपीखाली, आरशाजवळच्या त्रिकोणी तुकड्यामागे. सगळे काढल्यावर खालच्या कडेपासून क्लिपा सोडवत या आणि शेवटी पॅड वर उचला. जोराने ओढायची गरज पडली, तर समजा एक स्क्रू राहिला आहे. पॅड हातात आल्यावर बटणाचा कपलर आणि हँडलची केबल सोडवायला विसरू नका.

आत प्लास्टिकचा कागद काळ्या चिकट डिंकाने लावलेला असतो. तो फाडू नका. पावसाचं पाणी काचेवरून दाराच्या आत उतरतंच, ते दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडावं अशीच रचना असते. हा कागद ते पाणी पॅडकडे येऊ देत नाही. तो फाटला की पहिल्याच पावसात पायाखालची मॅट भिजते आणि स्पीकर कुजतो. डिंक कडक झाला असेल तर हेअर ड्रायरने ऊब द्या, हळूहळू सुटतो.

काचेचे बोल्ट सैल करून काच दोन तळहातांत धरून पूर्ण वर सरकवा आणि दाराच्या चौकटीवरून दोन्ही बाजूंना टेपच्या तीन-चार पट्ट्या मारा. काच पुसून कोरडी केलेली असेल तरच टेप धरते. दाराची काच टफन्ड असते. तिच्या मध्यभागी गुद्दा सोसेल, पण कड पत्र्यावर टेकली तर क्षणात चुरा होतो. म्हणून कडेजवळ स्क्रू ड्रायव्हर नको.

काच वर नेतानाच चॅनलची परीक्षा होते. मशीनशिवाय ती सरळ, एका लयीत वर गेली पाहिजे. अडखळली किंवा तिरकी झाली, तर तिथेच थांबून चॅनल साफ करा.

मशीन काढणं

रोपवाली मशीन असेल तर काम सरळ आहे: मोटरचा कपलर, मोटरचे तीन आणि रेलचे (गुटका जिच्यावर सरकतो त्या पट्टीचे) तीन-चार बोल्ट, मग रेल तिरकी करून मोठ्या भोकातून बाहेर.

कैचीवाल्या (कात्रीसारखे हात असलेल्या) मशीनला मोठी गुंडाळलेली स्प्रिंग असते, आणि इथे जपून काम करा. त्या स्प्रिंगचा ताण फक्त मोटरच्या गिअरने अडवलेला असतो. दातेरी पट्टी न अडवता मोटर काढली की कैची एकदम फिरते, बोटं दात्यांत सापडली तर तुटतात. मोटरच बदलायची असेल, तर आधी दातेरी पट्टी आणि मागचा पत्रा यांतून भोक पाडून ६ मिमीचा बोल्ट नट लावून घट्ट करा. त्यापेक्षा पूर्ण मशीन बदलणं बरं.

रिव्हेट असतील तर फक्त डोकं ड्रिलने उडवा, भोक मोठं होऊ देऊ नका. दारात पडलेले ॲल्युमिनियमचे तुकडे लोहचुंबकाला चिकटत नाहीत, ते हाताने किंवा व्हॅक्यूमने काढा. राहिले तर खडखडतात आणि पाण्याची भोकं बुजवतात.

नवी मशीन बसवण्याआधी जुन्याच्या शेजारी जमिनीवर ठेवा. डावी-उजवी एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा असतात, दुकानातून चुकीची हातात येते. बोल्टची भोकं, कपलरच्या पिना, गुटक्याची जागा ताडून पाहा. रोप ताणून धरणारा तुकडा असेल तर मशीन बसेपर्यंत काढू नका.

मशीन गेली कशाने

विटा, वाळू, ऊस, भाजी वाहणाऱ्या गाड्या कच्च्या रस्त्याने अर्धी काच उघडी ठेवून चालतात. कोकणातली तांबडी धूळ असो की देशावरची काळी माती, ती रबराच्या खोबणीत बसते आणि पावसाच्या दमटपणाने चिखल होऊन वाळते. काच त्यात घासत वर जाते, मोटर ताणली जाते, शेवटी सगळ्यात कमजोर भाग, म्हणजे प्लास्टिकचा गुटका, फुटतो.

पातळ पट्टीवर ओलं फडकं गुंडाळून खोबणी वरपासून खालपर्यंत पुसा. फडकं स्वच्छ निघेपर्यंत पुसत राहा, पाच-सहा वेळा लागतं. वाळल्यावर सिलिकॉन स्प्रे मारा. इंजिन ऑइल, डिझेल, ग्रीस अजिबात नको, रबर फुगतं आणि धूळ दुप्पट चिकटते. रेलवर मात्र पांढऱ्या लिथियम ग्रीसचा पातळ हात द्या. खोबणीतली मखमल जागोजागी उडाली असेल तर चॅनल रबर नवीनच घाला, मशीनपेक्षा ते स्वस्त असतं.

बसवणं

सगळे बोल्ट आधी हाताने धरवा, घट्ट करू नका. काच गुटक्यांत बसवून तिचे बोल्ट बेताने आवळा, मधला रबरी वॉशर विसरू नका. आता निगेटिव्ह जोडून काच पूर्ण वर न्या आणि वर असतानाच रेलचे बोल्ट आवळा. खाली असताना आवळले तर काच वरच्या कोपऱ्यात अडते. रिव्हेटऐवजी बोल्ट घातले असतील, तर त्यांची टोकं काचेला घासत नाहीत ना, ते टॉर्चने पाहा. पॅड लावण्याआधी काच दहा वेळा वर-खाली करा. पूर्ण वर यायला साधारण तीन ते पाच सेकंद लागायला हवेत.

ऑटो काच बॅटरी काढल्यावर आपली हद्द विसरते. बहुतेक गाड्यांत काच पूर्ण खाली नेऊन, मग पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद तसंच धरलं की ती पुन्हा शिकते, नेमका क्रम गाडीच्या पुस्तकात असतो. अडथळा आल्यावर काच मागे येते का, हे जाड पुठ्ठ्याची गुंडाळी धरून तपासा, हाताने कधीच नाही.

हँडलच्या जागी बसवलेलं बाजारातलं किट असेल तर वायरिंग नक्की बघा. ते अनेकदा म्युझिक सिस्टिमच्या वायरीत जोडलेलं सापडतं, आणि ती वायर इतका करंट सोसण्यासाठी नसते. दोन दारांसाठी बॅटरीपासून स्वतंत्र २.५ चौरस मिमीची वायर, बॅटरीजवळच २० अँपिअरचा फ्यूज आणि चावीवर चालणारा रिले हवा.

शेवटी कागद नीट चिकटवा, दाराच्या तळाची भोकं काडीने मोकळी करा आणि बंद काचेवर बादलीभर पाणी ओता. पाणी दाराच्या खालून बाहेर पडलं आणि कागदाची पॅडकडची बाजू कोरडी राहिली, की पॅड लावायला हरकत नाही.