नर की तलंग? ओळखताना आणि एकत्र ठेवताना या चुका टाळा

पिल्लं सहा आठवड्यांची झाली की तुऱ्याकडे बघून "हा कोंबडा, ही कोंबडी" असा निकाल द्यायची घाई होते. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. एकाच जातीच्या, एकाच वयाच्या पिल्लांत ज्याचा तुरा लवकर लाल आणि जाड होतो तो बहुधा नर. तलंगेचा, म्हणजे अजून अंडी द्यायला न लागलेल्या तरुण कोंबडीचा, तुरा अंड्यावर येईपर्यंत फिकटच राहतो. पण वेगवेगळ्या जातींची पिल्लं शेजारी ठेवून तुरे ताडू नका. लेगहॉर्नच्या तलंगेचा तुरासुद्धा मोठा असतो. उलट ब्रह्माचा तुरा डोक्याला इतका चिकटून असतो की माझा एक नर तीन महिने तलंग म्हणूनच वाढला.

तो सापडला पिसांवरून. मांडीवर घेऊन पाठ जिथे संपते आणि शेपूट सुरू होते तिथली पिसं बोटांनी वेगळी केली, तर जुन्या गोल पिसांमधून अरुंद, टोकदार, चकचकीत नवी पिसं डोकावत होती. नराची ही पिसं पुढे शेपटीच्या दोन्ही बाजूंना झालरीसारखी लोंबतात. मादीची रुंद आणि टोकाला गोलच राहतात. साधारण बारा आठवड्यांनंतर याच्याइतकी भरवशाची दुसरी खूण नाही. अपवाद आहेत: सेब्राइट जातीच्या नराची पिसं मादीसारखीच असतात आणि सिल्कीच्या लोकरीत काहीच धड दिसत नाही. तिथे थांबावंच लागतं.

छाती काढून भांडणं ही खूण धरू नका, तलंगाही भांडतात. पायामागचा काटा कोंबडीलाही येतो. पंखांच्या पिसांची लांबी बघून एका दिवसाचं पिल्लू ओळखणं ठरावीक संकरांतच जमतं. अंड्याच्या आकारावरून नर-मादी ठरवणं तर सोडूनच द्या.

आता एकत्र ठेवण्याचं. चार तलंगांत दोन नर ठेवले तर हाल तलंगांचेच होतात. नर त्यांच्या आधी वयात येतात आणि दिवसभर मागे लागतात. एका नरामागे आठ-दहा माद्या असाव्यात. पाठीची पिसं उडालेली दिसली की पंख उचलून कुशी जरूर तपासा. तिथे नराच्या नखांनी कातडी फाटलेली असते आणि वरची पिसं ती झाकून ठेवतात. रक्त दिसलं तर त्या कोंबडीला लगेच वेगळं करा, कारण लाल दिसलं की बाकीच्या तिथेच टोचत राहतात.

जास्तीचे नर एकत्र वेगळे ठेवले तर बरेचदा गुण्यागोविंदाने राहतात, फक्त कोंबड्या नजरेआड हव्यात. नंतर परत मिसळायचे असतील तर आधी आठवडाभर मध्ये जाळी ठेवा आणि खाद्य-पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी मांडा. एकच भांडं असेल तर कमजोर पक्षी उपाशी राहतो, आणि हे लक्षात येईपर्यंत तो हाडाला लागलेला असतो.

खाद्यातली चूक मात्र डोळ्यांना दिसत नाही. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात सुमारे ३.५ ते ४ टक्के कॅल्शियम असतं. वाढत्या पिल्लांना तेच घातलं तर त्यांच्या मूत्रपिंडांवर ताण येतो. सगळे एकत्र असतील तर सगळ्यांना ग्रोअर खाद्य (वाढत्या पिल्लांचं खाद्य) द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा; जिला गरज असते ती कोंबडी तो स्वतःहून टिपते.